हात दाबून आजार कळतो, तर माझ्या आईचा का नाही कळला?

परभणीची लेक
'मसल टेस्टिंगमध्ये, म्हणजे हात दाबून आजार ओळखण्यात, शरीर स्वतःच उत्तर देतं, रक्त काढायचं कामच नाही' हे लातूरकरांनी काल इथं टाकलेलं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. गेल्या वर्षी माझ्या आईला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मंगल कार्यालयातल्या शिबिरात तिला उजवा हात ताठ धरायला लावला आणि डाव्या मुठीत गव्हाची पुडी दिली. त्या माणसानं हात दाबला, हात खाली आला. 'गहू चालत नाही.' मग ज्वारीची पुडी. हात हलला नाही. मी शेजारीच उभी होते. गव्हाच्या वेळी त्याची बोटं मनगटावर होती, ज्वारीच्या वेळी कोपराजवळ. लांबून दाबलं की हात लवकर पडतो, हे घागर उचलणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. तेव्हा गप्प बसले ही माझी चूक. त्याच्या सांगण्यावरून तीन महिने गहू आणि दूध बंद. आई न्हाणीत चक्कर येऊन पडली तेव्हा हिमोग्लोबिन अवघं ६.४ निघालं.

लातूरकर
आईचं वाचून वाईट वाटलं. पण एका माणसानं चुकीचं केलं म्हणून पद्धतच खोटी? अमेरिकेत डेट्रॉइटच्या जॉर्ज गुडहार्ट या मणके बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरनं १९६४ साली ही मांडली. माझी दहा वर्षांची अ‍ॅसिडिटी तूरडाळ सोडल्यावर पंधरा दिवसांत गेली. माझा अनुभव खोटा का?

जालन्याचा फिजिओ
अनुभव खरा. तूर सोडून आराम पडू शकतो, त्याला हात दाबायची गरज नाही. आम्हीही हातानं ताकद तपासतो, ० ते ५ ग्रेड देतो. त्यातून तो स्नायू आणि त्याची नस कळते, पोटातली डाळ नाही. १९८८ साली अमेरिकेत ११ जणांवर तीन अनुभवी टेस्टर बसवले. जीवनसत्त्वं आणि झिंक ओळखायचं होतं. तिघांचं एकमेकांशी जुळलं नाही, रक्ताच्या रिपोर्टशीही नाही.

औशाचा बोअरवाला
हे वाचून आमचा पाणाड्या आठवला. तळहातावर नारळ घेऊन चालायचा, नारळ उभा राहिला की तिथं बोअर. तीन मारले. तिसरा ७०० फूट, नुसता फुफाटा. कर्ज अजून फेडायलो.

निलंग्याचा शेतकरी
सगळ्या पाणाड्यांना एका मापात तोलू नका. माझ्या बापानं पाणाड्याचं ऐकलं, २०० फुटांवर अडीच इंच पाणी लागलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तवाबी आमचा बोअर चालू होता.

जालन्याचा फिजिओ
काळ्या पत्थरात भेगा असतात, भेग सापडली की पाणी. कोरडे गेलेले बोअर कुणी मोजतं का? नारळ आणि मसल टेस्टिंग यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मनात जे असतं तसा हात नकळत हलतो, माणूस प्रामाणिक असला तरी. इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटर या डॉक्टरनं हे १८५२ सालीच लिहिलं.

निलंग्याचा शेतकरी
म्हणजे माझा बाप खुळा होता? एसीत बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका.

लातूरकर
आणि दवाखान्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? बीडमध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या, २०१९ ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथं तर सगळ्या मशिनी होत्या.

परभणीची लेक
हे मान्य, आणि त्याचा मला तुमच्याइतकाच संताप आहे. माझ्या मावशीची पिशवी तिसाव्या वर्षी काढली, अजून कंबर धरून चालते. पण त्यावर इलाज म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, रिपोर्ट मागणं, प्रश्न विचारणं. हात दाबणाऱ्याकडं तर विचारायला कागदच नसतो.

लातूरकर
बरं. रविवारी शिबिर आहे. बायकोला दहा सारख्या पुड्या बांधायला सांगतो, पाच तुरीच्या, पाच हरभऱ्याच्या. नंबर तिच्याकडं राहतील. मला माहीत नसेल, टेस्टरलाही नाही. त्यानं तूर ओळखली तर तुम्हाला मानावं लागेल.

जालन्याचा फिजिओ
मानतो. पण पाच-सहा बरोबर आल्या तर तो अंदाज समजायचा. दहाच्या दहा निकाल लिहा, चुकलेलेही.

लातूरकर
लिहितो. पण अ‍ॅसिडिटी गेली ते गेलीच.

निलंग्याचा शेतकरी
आणि नारळाचं? आमच्या रानात या, डोळे बांधून दाखवतो.

औशाचा बोअरवाला
चौथ्या बोअरचे पैसे आधी कोण देणार ते सांगा.