मदत हवी आहे: कॉर्ग डीडब्ल्यू-८००० मध्ये सनईचे वेव्हफॉर्म

नमस्कार. १९८५ च्या कॉर्ग डीडब्ल्यू-८००० सिंथेसायझरचे १६ वेव्हफॉर्म (स्वराचा मूळ रंग ठरवणारे ध्वनिलहरींचे आकार) २५६ किलोबिटच्या चार रॉम (कायमची माहिती साठवणाऱ्या) चिपांमध्ये साठवलेले आहेत. त्यांपैकी एकाच्या जागी मला सनईवरून तयार केलेला वेव्हफॉर्म बसवायचा आहे, कारण या वाद्याच्या ॲनालॉग फिल्टरमधून सनईचा स्वर कसा उमटेल याची मला मनापासून ओढ आहे.

मूळ रॉम काढून मी सॉकेट बसवले आणि त्यांतील माहिती नागपुरातल्या सीताबर्डीत मिळालेल्या २७सी२५६ ईप्रॉमवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपांवर) जशीच्या तशी उतरवली. त्या प्रतींवर वाद्य निर्दोष वाजते, त्यामुळे पिनांच्या जुळणीविषयी शंका उरलेली नाही. मात्र एका वेव्हफॉर्मच्या जागी माझी माहिती भरली की खालच्या सप्तकात सनईचा रंग स्पष्ट येतो, आणि वर जाताना एका ठरावीक पट्टीपासून नुसती खरखर ऐकू येते. हिशेबाने प्रत्येक वेव्हफॉर्मच्या वाट्याला ८ किलोबाइट येतात. त्यांत निरनिराळ्या सप्तकांसाठी वेगवेगळे तक्ते (लहरीच्या आकाराचे आकडे क्रमाने मांडलेल्या याद्या) असावेत, असा माझा कयास आहे.

बाहेरून सॅम्पलर (ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे यंत्र) जोडणे मला नको आहे, तसेच मूळ बोर्डावरील एकही ट्रॅक (तांब्याची जोडरेषा) कापायचा नाही. नागपुरात हे काम केलेले कोणी मला अद्याप भेटलेले नाही. या ८ किलोबाइटमध्ये तक्त्यांचा क्रम आणि प्रत्येकाची लांबी काय असते, हे कोणी नेमके सांगू शकेल का?