प्रति: कार्लसन आणि डोपामिन

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांच्याबद्दल 'त्यांना पार्किन्सनच्या औषधाबद्दल नोबेल मिळालं' असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. ते औषध म्हणजे एल-डोपा, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. रुग्णांवर त्याचे पहिले प्रयोग व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकीविच यांनी १९६१ साली केले. कार्लसन यांचं काम त्याआधीचं आणि जास्त मूलभूत. डोपामिन हा नुसता नॉरअ‍ॅड्रेनालिन हे दुसरं रसायन बनतानाचा मधला टप्पा नाही, मेंदूत तो स्वतःच निरोप्या आहे, हे त्यांनी दाखवलं. १९५७ मधला सशांचा प्रयोग तर बघण्यासारखाच: रेसरपिन (मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करणारं औषध) दिल्यावर ससे कान पाडून, गोळा होऊन पडलेले, डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात कान ताठ, हालचाल सुरू! तरीही १९६० च्या लंडनच्या परिषदेत दिग्गजांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते थेट २००० साली.

आणखी एक गोष्ट म्हणजे ते रेसरपिन आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत ते वेगळं काढलं गेलं. त्याआधी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधा वापरल्याचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले होते. पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं ते बरंचसं त्यामुळे.