आईच्या पायात प्लेट, टाक्यातनं पाणी येतंय, अंगाला धातू सोसत नाही का?

तासगावकर: आई ६२ वर्षांची, शुगर आहे. मळ्यात बांधावरनं पडली, नडगी मोडली, मिरजेत ऑपरेशन करून टायटॅनियमची प्लेट टाकली. आज १६ दिवस झाले, टाक्याच्या एका कडेनं पाणी झिरपतंय, हात लावला की गरम लागतं. गावातले डॉक्टर म्हणतात अजून पाच दिवस गोळ्या घ्या, शेजारी म्हणतात धातू सोसंना. आत नक्की काय चाललंय कुणी सांगेल का, रात्री झोप लागत नाही.

लॅबवाली मिरज: दादा, टायटॅनियम न सोसणं फार क्वचित, हाड त्याला उलट घट्ट धरतं. मला जंतूंची शंका येते. प्लेट आत गेली की लगेच रक्तातली प्रोटीनं तिच्यावर बसतात आणि त्यावर जागा धरायला आपल्या पेशी आणि जंतू दोघंही धावतात, ग्रिस्टिना नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशी सुरुवातीला लढतात, मग दुरुस्तीला लागतात आणि हाड जुळतं, पण स्टॅफ (कातडीवर नेहमी असणारा जंतू) आधी चिकटला तर त्या लढण्यातच अडकून पडतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर एवढी मोठी प्लेट गिळायला जातात, ती गिळता येत नाही, त्यातच त्यांची ताकद संपते, शुगर वाढलेली असली की अजूनच. १९५७ च्या एका प्रयोगात नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले, तिथं रेशमी टाका असला तर काहीशे पुरले, म्हणजे बाहेरची वस्तू आत असली की थोडे जंतूही पुरतात.
आणि जंतूंनी बायोफिल्मचा चिकट थर केला की आतले झोपल्यासारखे पडून राहतात, साध्या गोळ्या त्यांना मारत नाहीत, वरनं पाणी थांबतं आणि आपल्याला वाटतं बरं झालं. थर कोवळा आहे तोवर जखम उघडून धुतली तर बऱ्याचदा प्लेट वाचते. म्हणून ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच उद्या दाखवा. आणि नवीन गोळी सुरू करायच्या आधी त्यांना फोन करा, आतलं सॅम्पल घ्यायच्या आधी अँटिबायोटिक पोटात गेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडत नाही बऱ्याचदा.

कराडची सून: ताई बरोबर सांगतायत. सासऱ्यांच्या वेळी आम्ही दीड महिना गोळ्या बदलत बसलो, शेवटी प्लेट काढून बाहेरनं फ्रेम लावली, आठ महिने गेले. थांबू नका हो भाऊ.

तासगावकर: आज सकाळीच नेलं. शुगर २८० निघाली, ॲडमिट केलंय, उद्या आतनं धुणार आणि चार-पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला पाठवणार म्हणाले. स्क्रू घट्ट असले तर प्लेट ठेवणार. ताई, रिपोर्ट आला की इथंच टाकतो, जरा बघा.