एकाच इमारतीत पत्रं कशाला?

जुना कक्ष अधिकारी: "दोन विभाग एकाच इमारतीत, मग पत्रं कशाला? फोन करा, आल्या-गेल्या पत्रांची आवक-जावक नोंद बंद करा," असं काल एकाने लिहिलं आणि त्याला टाळ्याही पडल्या. 31 वर्षं मंत्रालयात काढली, गप्प बसवेना. फोनवर 'हो' म्हणणाऱ्या साहेबांची बदली झाली की त्यांचा 'हो'ही त्यांच्याबरोबर जातो. नस्तीवरची, म्हणजे फायलीवरची, टिपणी राहते. वित्त विभागाकडे अनौपचारिक संदर्भाने, म्हणजे वेगळं पत्र न लिहिता मतासाठी थेट नस्तीच गेली, की तिथल्या नोंदीचा क्रमांक हाच आपला पुरावा. 21 जून 2012 च्या मंत्रालयातल्या आगीत फायली जळाल्या, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयांत गेलेल्या प्रती मागवून नस्त्या पुन्हा उभ्या केल्या. फोनची प्रत कुठून मागवणार होतात?

फटकळ: नोंद ठेवा हो, पण तिच्याआड झोपू नका. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवरचा 2005 चा कायदा तुम्हाला पाठ असेलच. एका टेबलावर 7 कामाचे दिवस, दुसऱ्या विभागाकडे जाणारी नस्ती असेल तर निर्णय 3 महिन्यांत. माझ्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाची फाइल दोन कार्यालयांत 14 महिने फिरली. दर खेपेला एकेकच नवी त्रुटी. आधी जन्मतारीख, मग सेवापुस्तकातली सही, मग पहिल्या त्रुटीच्या पत्राची साक्षांकित प्रत! जावक क्रमांक सगळ्यांवर होता.

जुना कक्ष अधिकारी: त्रुटी एकदम काढायला हव्यात, मान्य. पण तो माणसाचा दोष, पद्धतीचा नव्हे.

कार्यासन नऊ: अजून नोकरीत आहे, म्हणून टोपणनाव. फायली संगणकावरच हाताळायचं ई-ऑफिस आलं म्हणून आनंदलो होतो. आमचे साहेब टिपणी पडद्यावर वाचत नाहीत. प्रिंट काढा, शाईची सही घ्या, स्कॅन करा, परत चढवा. पूर्वी एक फाइल होती, आता दोन.

शब्दखोर: खरा रोग भाषेचा आहे. "विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की..." कोण कळवतंय? "कार्यवाही करण्यात येत आहे." कोण करतंय? या कर्मणीत कर्ता अलगद गायब होतो आणि जबाबदारीही.

जुना कक्ष अधिकारी: अहो, तो अधिकारी स्वतःच्या नावाने लिहितच नाही! संविधानाचं कलम 166 वाचा. शासन निर्णयाखाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" उगाच असतं का?

शब्दखोर: आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात. चौथं स्मरणपत्रही त्यांच्याच नावाने का?

जुना कक्ष अधिकारी: तुम्ही एक तरी मसुदा लिहिलाय का आयुष्यात?

शब्दखोर: लिहिलाय. "मी उद्या पाठवतो" असं लिहिलं होतं. वरून शेरा आला, "शासकीय भाषेत लिहावे." मग "यथावकाश पाठविण्यात येईल" झालं. 'उद्या' कुठे गेला ते तुम्हीच सांगा.

कार्यासन नऊ: हे मात्र खरं आहे. आमच्याकडे तारीख टाकायला कुणी धजत नाही. अर्धशासकीय पत्र सचिवांच्या सहीने नावानिशी गेलं की तेच काम दोन दिवसांत होतं. म्हणजे जमतं!

जुना कक्ष अधिकारी: ...अर्धशासकीय पत्राचं बरोबर आहे. 'यथावकाश' मीही पुष्कळ वापरलाय. बास?

फटकळ: मूळ मुद्दा राहिलाच. सगळे जावक क्रमांक तारीखवार लिहून वडिलांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा कुठे फाइल हलली. तुमची नोंदवही एकदा तरी आमच्या कामी आली, घ्या.

जुना कक्ष अधिकारी: त्या अर्जाची पोच जपून ठेवलीत ना?