भाच्याच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड: कोणते घ्यावे आणि कोठून?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझा भाचा बेळगावात अनगोळला राहतो आणि उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पॅटर्नची (ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांची) त्रिमितीय ड्रॉइंग करतो. घरी त्याच्याकडे ऑफिसात वापरलेला जुना डेस्कटॉप आहे: आठव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम आणि 260 वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा). दिवाळीला मी परदेशातून गावी जाणार आहे, तेव्हा येताना आरटीएक्स 4060 हे ग्राफिक्स कार्ड आणावे, असा त्याचा आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

एक सभासद, मूळ बेळगाव

---

स. न. वि. वि.

कार्ड ठरवण्याआधी भाच्याला कॅबिनेट उघडायला सांगून एसएमपीएसचे लेबल आणि त्यातून निघणाऱ्या वायरी यांचे फोटो मागवावेत. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. 4060 ला 115 वॅट लागतात, म्हणून उरलेली वीज आठ पिनांच्या स्वतंत्र वायरीने द्यावी लागते, आणि ऑफिसच्या मशीनमध्ये ती वायर बहुधा नसतेच. एसएमपीएस बदलावा म्हटले, तरी अशा मशीनमध्ये त्याचा आकार आणि कनेक्टर अनेकदा कंपनीचा स्वतःचा असतो, त्यामुळे दुकानात मिळणारा नेहमीचा एसएमपीएस बसेलच असे नाही. काही जण अडॅप्टर लावून वेळ मारून नेतात. 260 वॅटवर हा उद्योग करू नये.

माझ्या मते आरटीएक्स 3050 चे 6 जीबीचे कार्ड पाहावे. 2024 मध्ये आलेले हे कार्ड 70 वॅटचे असून त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. याच नावाचे 8 जीबीचे जुने कार्ड मात्र 130 वॅट घेते, म्हणून दुकानदाराला नुसते ‘3050’ सांगू नये. स्वस्त मिळते म्हणून आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड घेऊ नये. त्यालाही वायर लागतेच, शिवाय त्याला चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) आहेत आणि हा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस 3.0 या स्लॉटच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा आहे, त्यामुळे कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की सगळा माल अरुंद वाटेने ये-जा करू लागतो.

खरे तर मॉडेल रचताना, कडांना फिलेट (गोलाई) देताना किंवा ड्राफ्ट अँगल (नमुना साच्यातून सहज निघावा म्हणून दिलेला उतार) बदलताना जी गणिते होतात, ती बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात; कार्ड कामाला येते ते मॉडेल फिरवून पाहताना आणि रेंडरिंगला (मॉडेलचे खरेखुरे वाटणारे चित्र बनवायला). त्यामुळे काम अडखळते तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसत असेल, तर आधी रॅमची 8 जीबीची दुसरी पट्टी घालावी. आग्रह ड्रॉइंगसाठी आहे की रात्रीच्या गेमसाठी, हेही मामांनी जरा आडून विचारावे.

एक सभासद, मूळ खानापूर

---

नमस्कार.

रॅमचा सल्ला पटला, पण मला 6 जीबीचे कार्ड तोकडे वाटते. मुलगा रेंडरिंग शिकणार असेल, तर नवे कॅबिनेट, 550 वॅटचा एसएमपीएस आणि 12 जीबीचे आरटीएक्स 3060 असा विचार व्हावा. मात्र ते वापरलेले घेताना जपावे, कारण 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून चलन मिळवणे) बंद झाल्यावर अहोरात्र राबवलेली कार्डे बाजारात आली. शिवाय ते एकटेच 170 वॅट घेते आणि घरातला 600 व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो, हे वीज जाण्याच्या दिवसांत ध्यानात ठेवावे.

कार्ड इकडून नेऊ नये. कस्टममध्ये अडकण्याची धास्ती असते, आणि परदेशात घेतलेल्या कार्डाची वॉरंटी भारतात चालेलच असे नाही.

एक सभासद, मूळ निपाणी

---

सर्वांचे आभार. फोटो आले. आठ पिनांची वायर नाही, कॅबिनेटही बुटके आहे आणि रॅमची एकच पट्टी आहे. रेंडरिंग ‘पुढे शिकणार’ आहे म्हणे. तेव्हा आता रॅम घ्यायची आणि कार्ड बेळगावातच पाहायचे, असे ठरले.

एक सभासद, मूळ बेळगाव

---

उत्तम. बुटक्या कॅबिनेटसाठी अर्ध्या उंचीचेच कार्ड मागावे. अशा कार्डाला बरेचदा पूर्ण उंचीची पत्र्याची पट्टी लावलेली असते आणि आखूड पट्टी खोक्यात वेगळी येते. ती आहे का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानातच पाहून घ्यावे.

एक सभासद, मूळ खानापूर