लेक आफ्रिकाना स्टडीजमध्ये मायनर करायचं म्हणतेय. काय करू?

जर्सीची_आई: लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मेजर कॉम्प्युटर सायन्स. थँक्सगिव्हिंगला घरी आली होती. भेंडी चिरताना म्हणाली, "आई, लुइझियानातल्या गम्बोचं नाव भेंडीच्या बांटू भाषांतल्या शब्दावरून पडलंय, गुलामांबरोबर आलेलं." मग हळूच विषय काढला: आफ्रिकाना स्टडीजचं मायनर, म्हणजे मेजरबरोबरचा जोडविषय. आफ्रिका आणि आफ्रिकन डायस्पोरा, म्हणजे आफ्रिकेबाहेर जगभर पसरलेले आफ्रिकी वंशाचे लोक. सहा कोर्स. नवरा म्हणतो स्टॅटिस्टिक्स घे. मी मधल्यामध्ये.

हिशेबी: नवऱ्याचं बरोबर आहे. सहा कोर्सची फी तुम्ही भरणार आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्याबद्दल कोणी हूं की चूं करणार नाही. आवड असेल तर लायब्ररी फुकट आहे. आणि आपला काय संबंध?

खडकीकर: संबंध? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं. १९७२ च्या दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, तेही सांगायला हवं का? त्याआधीचा मलिक अंबर आहेच. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं आमचं खडकी वसवलं, पुढचं औरंगाबाद.

हिशेबी: मान्य. पण अमेरिकन कॉलेजात मलिक अंबर शिकवतात का? बहुतेक सगळं अटलांटिकच्या अलीकडे-पलीकडेच घुटमळतं. अभिमान आपला, अभ्यासक्रम त्यांचा.

बायोवाली: मी बायॉलॉजीबरोबर हेच मायनर केलं, म्हणून थोडं लांबण लावते. 'संस्कृती' म्हणजे नाच-गाणी-पोशाख असेल असं मलाही वाटायचं. पहिल्याच सत्रात साउथ कॅरोलायनातली भातशेती आली. तिथल्या गुल्ला लोकांची, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची, गवताची गोल, चपटी टोपली दाखवली. तिच्यात भात पाखडायचे. मी वर्गात म्हणाले, हे तर आजीचं सूप! भातशेतीचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी आणलं, असं एक इतिहासकार गट म्हणतो. दुसरा गट गुलाम नेणाऱ्या जहाजांच्या नोंदी काढून म्हणतो, एवढं श्रेय देता येत नाही. आम्हाला त्या नोंदी घेऊन बसवलं. साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली, त्यांतली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. आजच्या अमेरिकेत थेट आली ती चार लाखांहून कमी, ब्राझीलमध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात. माझी आधीची समजूत बरोबर उलटी होती.

खडकीकर: आणि हे फॅड नव्हे. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये १९६८-६९ ला विद्यार्थ्यांनी चार महिन्यांहून जास्त संप केला, तेव्हा हा विभाग मिळाला.

हिशेबी: संपानं विभाग मिळतो हो, नोकरी नाही.

जर्सीची_आई: जहाजांचं नवऱ्याला वाचून दाखवलं. विचारतोय, "त्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतात का?"

बायोवाली: डाउनलोड होतात काकू.

हिशेबी: म्हणजे शेवटी स्टॅटिस्टिक्सच की!