गाडीच्या काचांना फिल्म: घरी की दुकानात?

वर्धेकर: काल इथे 'रविवारचा मिस्त्री' यांनी लिहिलं, "फिल्म लावायला दुकानदाराला पैसे देणारे आळशी आहेत. साबणाचं पाणी, ब्लेड आणि एक रविवार पुरतो." वाचून डोकंच फिरलं. तोच रविवार मी घालवलाय. मे महिना, अंगणात गाडी, मुलगा फवारा मारतोय. बाजूच्या काचा बऱ्या जमल्या, त्या जवळजवळ सपाटच असतात. मागची काच गोलाईची. तिच्यासाठी फिल्म आधी बाहेरून काचेवर टाकून हीट गनने आकसवतात, मग आतून चिकटवतात. हे मला नंतर कळलं. सुरकुत्या पडलेली फिल्म ब्लेडने खरवडली आणि डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या, तीन रेषा तुटल्या. आता पावसाळ्यात मागची काच पांढरी होते ती होतेच. मी आळशी नव्हतो.

रविवारचा मिस्त्री: 'आळशी' मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही. चूक ब्लेडची आहे. जुनी फिल्म वाफेने सैल करून सावकाश ओढायची असते. आणि दुकानाचं कौतुक मला नका सांगू. तिथल्या पोराने दारात इतकं पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी पॉवर विंडोचं बटण बंद. मालकाने हात वर केले. तेव्हापासून स्वतःच लावतो.

सायकलवाली: फिल्म मुळात हवीच कशाला? 27 एप्रिल 2012 ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, तिच्यातून कितीही टक्के प्रकाश येत असो. मी रोज सायकलने कामाला जाते. वळणाऱ्या गाडीवाल्याने मला पाहिलं का, हे त्याच्या डोळ्यांवरून ठरवते. काळ्या काचेमागे डोळेच दिसत नाहीत. दोनदा पडलेय.

नागपूरकर: ताई, पडलात त्याचं वाईट वाटलं, पण माहिती अर्धी आहे. 2021 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला काचांबद्दलचा नियम 100 बदललाय. त्याच आधारावर केरळ हायकोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश येत असेल, तर फिल्म चालते. सिरॅमिक फिल्म इन्फ्रारेड, म्हणजे उन्हातले उष्णतेचे किरण, अडवते, त्यासाठी काळी असावी लागत नाही. आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. आईच्या त्वचेला ऊन चालत नाही. तिला काय सांगू?

सायकलवाली: आईसाठी पारदर्शक लावा, माझी ना नाही. पण केरळचा निकाल आमच्या चौकातल्या हवालदाराला कोण समजावणार? आणि 'पन्नासचीच आहे' म्हणणाऱ्या किती गाड्यांत चेहरा दिसतो?

नागपूरकर: कारण लोक गुणाकार करत नाहीत! मूळ काच 75 टक्के प्रकाश सोडते असं धरा. तिच्यावर 50 ची, म्हणजे 50 टक्के प्रकाश सोडणारी, फिल्म लावली तर उरले साडेसदतीस. बाजूला 70 ची लावली तर साडेबावन्न, जेमतेम पास. समोरच्या 75 च्या काचेवर 90 ची लावली तरी साडेसदुसष्ट, म्हणजे नापास. हे मीटरवर मोजावं लागतं. मिस्त्री, तुमच्याकडे आहे मीटर?

रविवारचा मिस्त्री: नाही.

वर्धेकर: मग मोजलं कसं?

रविवारचा मिस्त्री: पाकिटावरचा आकडा धरला. मूळ काचेचा विचार केला नव्हता, एवढं मान्य. पण चिकटवणार मीच. दुकानात फक्त मोजायला जाईन, तेही आकडा माझ्यासमोर दाखवला तर.

सायकलवाली: साडेसदतीस निघाला तर काढा. आज संध्याकाळीच.